आधी बाद, आधी जिवंत

हरण्यात फायदा असतो, हे शहाणपण मला अमेरिकेत येऊन शिकावं लागलं. भिलवडीत ते कुणी शिकवलं नव्हतं. तिथं कृष्णेकाठी आबांचं कबड्डीचं मैदान होतं, आणि त्या मैदानावर मुद्दाम हरणाऱ्याला आबांनी पायताण फेकून मारलं असतं.

आबा म्हणजे माझे वडील. सगळा तालुका त्यांना निकम वस्ताद म्हणायचा. मी त्यांची एकुलती एक लेक, शैलजा. कबड्डी मी खेळले कमी आणि पाहिली जास्त, पण मैदानावर माझ्याकडे एक मानाचं काम होतं. बाद झालेले गडी मागच्या रेषेपलीकडे ओळीनं बसायचे. आपल्या संघानं समोरचा गडी मारला की बसलेल्यांतला एक जण उठून पुन्हा आत जायचा. कोण उठणार? जो आधी बाद झाला तो. आधी बाद, आधी जिवंत. नियम इतका सोपा, तरी त्यावरून रोज भांडण व्हायचं, कारण प्रत्येकाला वाटायचं की आधी आपणच बाद झालो. मग आबा शिट्टी वाजवून ओरडायचे, "शैले, कुणाचा नंबर?" मी बोट दाखवायची आणि तो गडी धोतर, चड्डी, जे काही असेल ते झटकत आत पळायचा. माझ्या बोटावर अपील नव्हतं.

कोण कुणाच्या आधी, एवढंच ध्यानात ठेवता ठेवता मी संख्याशास्त्रात घुसले. कोल्हापूरला शिकले, पुढं डॉक्टरेटला अमेरिकेत आले, लग्न केलं, लवकर एकटी झाले, आणि सरतेशेवटी तिथल्या फुटबॉलच्या एका लीगमध्ये नियम-समितीची सल्लागार म्हणून चिकटले. हा फुटबॉल पायानं खेळायचा नव्हे. लांबट चेंडू काखेत दाबून हेल्मेटवाली धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळतात, तो. आबांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाले होते, "गडी चांगलं हाईत गं, पण ह्यात दम कुठं धरत्यात?"

मी राहायची ड्यूमोंटला. मोठ्या तळ्याच्या काठचं हे गाव एके काळी बोटी बांधायचं. कारखाने गेले, उरला फक्त फुटबॉलचा संघ, फेरीमेन, म्हणजे नावाडी. माझा शेजारी अर्ल, बोटींवरचा म्हातारा मेकॅनिक, त्याची स्टेडियममधली खुर्ची त्याच्या बापापासून चालत आली होती. दर रविवारी तो निळी लोकरी टोपी घालून निघायचा आणि कुंपणावरून मला विचारायचा, "काय डॉक्टर, आज जिंकतोय का?" मी म्हणायची, "सांगता येत नाही." तो खूश होऊन जायचा. हे 'सांगता येत नाही' किती मोलाचं होतं, ते आम्हाला ते गेल्यावर कळलं.

कारण मग पिंगळा आला.

त्याचं खरं नाव फोरसाइट. पिंगळा हे मी ठेवलेलं नाव, पहाटे दारात येऊन भविष्य सांगणाऱ्यावरून. फरक एवढाच, की आमच्या गावचा पिंगळा पसाभर जोंधळे घेऊन चांगलंच सांगायचा, हा फुकटात वाईट सांगायचा. प्रत्येक खेळाडूच्या हेल्मेटात, छातीच्या पट्ट्यात, बुटांत बारीक संवेदक बसवलेले असत. तो किती जोरात पळतो, दमला की कुठल्या बाजूला झुकतो, कुठला गुडघा कधी दगा देणार, या सगळ्यातून संगणक त्या खेळाडूची एक जुळी प्रतिकृती तयार करायचा. मग या प्रतिकृतींचे संघ एकमेकांशी भिडवून उरलेला सगळा हंगाम आतल्या आत लाखो वेळा खेळून बघायचा. नाण्याची एक फेक कुणालाच सांगता येत नाही, पण लाख फेकींचा हिशेब शाळकरी पोरगंही सांगतं. पिंगळ्याचं बळ त्या लाखात होतं. हंगामाचा तिसरा हिस्साही झालेला नसायचा आणि कोण प्लेऑफमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या शेवटच्या फेऱ्यांत जाणार, कोण घरी बसणार, ते हा सांगून मोकळा. आणि चुकायचा क्वचितच.

त्यात या लीगची एक जुनी रीत होती. कॉलेजांतून नवे खेळाडू यायचे, त्यांची दरवर्षी वाटणी व्हायची, आणि जो संघ तळाला असेल त्याला पहिली निवड. दुबळ्याला आधी घास मिळावा, म्हणजे पुढच्या वर्षी तो सावरेल, असा चांगला हेतू. पण पिंगळ्यानं हंगामाच्या सुरुवातीलाच 'तुमचं काही खरं नाही' म्हटल्यावर संघ काय करणार? सगळ्यात दुबळं कोण, याचीच शर्यत लागली. मालक चांगल्या गड्यांना दुखापतीच्या नावाखाली घरी बसवू लागले. एका रविवारी अर्ल टोपी न घालता अंगणात पानं गोळा करताना दिसला.

"मॅच नाही का आज?" मी विचारलं.

"आहे," तो म्हणाला. "निकाल मंगळवारीच वाचला. अंत्यविधीला कशाला जाऊ, मेलेला माझ्या ओळखीचा आहे."

खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या तशी लीगला जाग आली. समितीनं मला सांगितलं, प्लेऑफची रचना आणि निवडीचा क्रम, दोन्ही नव्यानं मांडा. मी कागद घेऊन बसले. सोडतीच्या चिठ्ठ्या करून पाहिल्या, फिरती पाळी करून पाहिली. पिंगळ्याला विचारलं तर तो प्रत्येक योजनेत हरण्याचा एक फायदेशीर मार्ग शोधून दाखवायचा. गुणी पोरगं होतं, पण कुजकं.

त्या आठवड्यात आबांना फोन केला. पंच्याऐंशीचे झाले होते, कान गेले होते, पण सकाळी मैदानावर पाणी मारून फक्कीनं रेषा आखल्याशिवाय चहा घेत नव्हते. पडद्यावर त्यांच्यामागं लाल माती दिसत होती. मी सगळी अडचण सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "बाद झालेला संघ मग करतो काय?"

"काही नाही आबा. उरलेल्या मॅचेस हरतो."

"म्हंजी रेषेवर बसत न्हाई, घरला जाऊन झोपतो!" ते खवळलेच. "आगं, बाद झालेला गडी मांडी ठोकत बसतो. का? तर उठायचं आसतंय. त्येला उठायची आशाच ठिवली न्हाई तुमी, मग त्यो झोपंल न्हाई तर काय करंल?"

पडद्यावर मैदानाची मागची रेषा दिसत होती. त्या रेषेमागं मी लहानपणी फ्रॉकवर माती घेऊन बसायची. आबांनी शिट्टी न वाजवताही मला ती ऐकू आली, आणि डोळे भरून आले. बाईमाणूस साठीला टेकली की रडायला कारण लागत नाही, पण या वेळी कारण होतं. मला नियम सापडला होता.

मी तो असा मांडला. पिंगळ्यानं एखाद्या संघाला प्लेऑफची आशा नाही असं सांगितलं, की तो संघ जाहीरपणे बाद. त्या दिवसापासून तो जितके सामने जिंकेल, त्यावर त्याचा निवडीचा नंबर. जो आधी बाद झाला त्याच्या हातात सामने जास्त, म्हणजे दुबळ्यावर दया आहेच, पण ती जिंकून घ्यायची. आणि प्लेऑफच्या आठ जागांपैकी आठवी जागा बाद संघांसाठी राखीव. बाद झाल्यावर सर्वांत जास्त जिंकेल तो संघ उठणार, जिवंत होऊन प्लेऑफ खेळणार. फक्त दोन्ही हातांत लाडू नकोत, म्हणून उठलेल्या संघानं निवडीच्या रांगेत शेवटी जायचं. समितीत एकानं विचारलं, "ही कल्पना कुठल्या विद्यापीठाची?" मी म्हटलं, "भिलवडी." त्यानं ते आदरानं लिहून घेतलं.

तो हंगाम! आजही आठवला की छाती भरून येते. पहिले बाद झाले आमचे फेरीमेनच, आणि दुसऱ्याच रविवारी त्यांनी एका बलाढ्य संघाला लोळवलं. पिंगळा गडबडला. त्याचं दुखणं मजेशीर होतं. आभाळाला वेधशाळेचा अंदाज ऐकू येत नाही, म्हणून पाऊस त्यानं बदलत नाही. माणसाला ऐकू येतं. पिंगळ्यानं 'बाद' म्हटलं की संघ चवताळून जिंकायचा, आणि 'बाद नाही' म्हटलं की सुस्तावून हरायचा. स्वतःच्या बोलण्याचा परिणाम हिशेबात धरायला गेला, की त्याचं उत्तर हो-नाही, हो-नाही असं झुलत राहायचं. इंजिनियर लोक डोकं धरून बसले होते. अर्लनं टोपी शोधून काढली होती. कुंपणावरून त्यानं विचारलं, "काय डॉक्टर, आज जिंकतोय का?" आणि मी कित्येक वर्षांनी म्हणाले, "सांगता येत नाही!"

माझा मुलगा मल्हार याच फेरीमेनांकडे बचावाचा दुय्यम प्रशिक्षक होता. लहानपणी दर सुट्टीत तो आबांच्या मैदानावर लोळलेला. घोटा धरणं, साखळी करणं, पाय मागे खेचत गड्याला जमिनीवर आणणं हे सगळं तिथं शिकला आणि इथं या दांडग्यांना शिकवायचा. पुढच्या वर्षी बचावाचा मुख्य प्रशिक्षक तोच, असा शब्द त्याला मिळाला होता. त्यासाठी तो किती वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्या वाहत राबला, ते मी पाहिलं होतं.

शेवटच्या सामन्याच्या आधी तो माझ्याकडे जेवायला आला. मी पिठलं-भाकरी केली होती. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवून दिला.

"व्हिटलॉकनं आज आम्हाला बोलावलं होतं," तो म्हणाला. व्हिटलॉक म्हणजे संघाचा मालक. "परवा पहिल्या फळीतले सगळे बसवायचे. फक्त राखीव खेळवायचे."

"का? परवा जिंकलात तर तुम्ही उठता की!"

"म्हणूनच. आई, जिंकलो तर आम्ही आठवे, आणि प्लेऑफमध्ये पहिल्याच फटक्यात मार खाणार. शिवाय निवडीत रांगेच्या शेवटी. हरलो तर दुसरा कुणीतरी उठेल, आणि आम्ही निवडीत पहिले. या वर्षी डॅरियस कोल येतोय. असा क्वार्टरबॅक वीस वर्षांत एखादा निघतो." क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा मेंदू. त्याच्यासाठी मालकांनी आईबापही विकले असते. "तुझ्या नियमात पहिला येणारा वेडा आणि दुसरा येणारा शहाणा. व्हिटलॉकनं शोधून काढलं ते."

पिंगळ्यानंही हे भोक मला दाखवलं नव्हतं, कारण मी त्याला विचारलंच नव्हतं. उठायला नकार देणारा गडी मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. कबड्डीच्या मैदानावर वाढलेल्या बाईच्या डोक्यात ही शंका येणारच कशी?

"मी समितीला कळवते," मी म्हटलं.

"काय कळवशील? राखीव खेळवणं गुन्हा नाही. आणि मी ऐकलं नाही तर माझा शब्द गेला." मग तो जरा चढ्या आवाजात म्हणाला, "नियम तुझा आहे, आई. निस्तरायचं मात्र मला."

खरं होतं, म्हणून लागलं. मी आबांना फोन लावला. भिलवडीत सकाळ होती. मल्हारनं तोडक्या मराठीत सगळं सांगितलं आणि विचारलं, "आबा, एखादा गडी उठायला नको म्हणाला तर?"

आबांना आधी ऐकू आलं नाही, मग ऐकू आलं पण पटलं नाही. "नको म्हनून कसं चालंल? आरं, उठायचं का न्हाई हे बसलेल्याच्या हातात नसतंय मल्हारी. ते आत खेळत्यात त्येंच्या हातात. आतल्यानी मारला की पंच हात करतो. हात केला की उठायचं. मग तुझा पाय मोडलेला आसू दे न्हाईतर बाप मेलेला आसू दे."

"पण मालक..."

"मालक आत हाय का भाईर?"

"बाहेर."

"मग त्यो बसलेला," आबा म्हणाले. "आत कोन हाईत?"

मल्हारनं भाकरी संपवली आणि अजून एक मागून घेतली.

सामना संध्याकाळचा होता. बर्फ भुरभुरत होतं. अर्लनं मला त्याच्या शेजारची, म्हणजे त्याच्या मेलेल्या बायकोची खुर्ची दिली. तिच्यावर तो कुणाला बसू देत नसे, म्हणून मी मुकाट्यानं बसले. फेरीमेनांचे राखीव मैदानात आले तेव्हा स्टेडियमभर कुजबुज झाली. यांतल्या निम्म्यांना गावात कुणी ओळखत नव्हतं. पिंगळ्याकडे त्यांची माहितीच तुटपुंजी, त्यानं त्यांना शंभरात दोन इतकी संधी दिली होती. व्हिटलॉक काचेच्या खोलीत निवांत होता.

मल्हारनं कपडे बदलायच्या खोलीत राखीवांना काय सांगितलं ते मला नंतर कळलं. त्यानं एकच केलं, खरं सांगितलं. "तुम्हाला हरायला उतरवलंय. तुम्ही हराल याची मालकाला खात्री आहे. आता आत तुम्ही आहात." एवढं बोलून तो बाहेर येऊन उभा राहिला.

ते कसे खेळले, ते काय सांगू. चुकत, धडपडत, पण मेल्यासारखा एकही जण खेळला नाही. आघाडी त्यांच्याकडे आली ती एका गचाळ गोंधळात, आणि मग शेवटच्या डावाला समोरचा संघ आमच्या रेषेच्या हातभर अंतरावर चेंडू घेऊन उभा. तेवढं हातभर ते पुढे सरकले की आम्ही हरलो. सगळं स्टेडियम उभं राहिलं. चेंडू निघाला, त्यांचा रेड्यासारखा धावणारा गडी आमच्या फळीत घुसला, पहिल्याला त्यानं उडवलं, दुसऱ्याला उडवलं.

मी कधी उठून उभी राहिले मला माहीत नाही. "घोटा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. "घोटा धर त्याचा!"

आमचा एक किडकिडीत राखीव पोरगा बर्फात आडवा झाला आणि त्यानं दोन्ही हातांनी त्या रेड्याचा घोटा धरला. धरला तो धरला. फरफटत गेला पण सोडला नाही. मागून बाकीचे साखळीनं येऊन अंगावर पडले. हुबेहूब भिलवडी. ढीग उपसला तेव्हा चेंडू रेषेच्या अलीकडे होता आणि पंचानं हात केला.

"घोटा म्हणजे काय?" अर्लनं रडत रडत विचारलं. मलाही सांगता येईना, मी त्याला माझा पाय दाखवला.

फेरीमेन उठले. पुढच्या आठवड्यात प्लेऑफमध्ये त्यांना बदडून काढलं, ते पिंगळ्यानं अचूक सांगितलं होतं. डॅरियस कोल दुसऱ्या गावाला गेला आणि तिथं त्यानं नाव काढलं. मल्हारला व्हिटलॉकनं बोलावून सांगितलं, 'संघाला नव्या दिशेची गरज आहे.' उघडपणे कारण देणार तरी काय? मी समितीकडून नियमातलं ते लाडवाचं कलम काढून टाकलं. उठणाऱ्याला आता निवडीतला नंबर गमवावा लागत नाही. पण ते पुढच्या वर्षापासून. या वर्षीची किंमत माझ्या पोरानं भरली.

कचेरीतल्या सामानाचं खोकं घेऊन तो माझ्या घरी आला, त्या दिवशी आबांचाच फोन आला. तो बर्फातला सामना बघायला ते पोरांना गोळा करून बसले होते, नियम त्यांना एकही कळला नव्हता, पण घोटा कळला होता. "झ्याक धरला रं!" एवढं म्हणून झालं, मग त्यांना मल्हारचा चेहरा दिसला.

"नोकरी गेली आबा. बाद झालो."

"मग?" आबा म्हणाले. "बाद झालास तर रेषेवर बस. मांडी ठोकत बस. नंबर येतोय तुझा."

आला नंबर. दोन हंगाम तो एका शाळेच्या पोरांना शिकवत होता. मग त्या सामन्यात आमच्याविरुद्ध हरलेल्या संघानंच त्याला बोलावून घेतलं. ज्यांच्या गड्याचा घोटा धरला होता, त्यांना तो विसरता आला नव्हता. आता तो तिथं मुख्य प्रशिक्षक आहे. सराव सुरू व्हायच्या आधी ते अगडबंब लोक मांडी ठोकतात म्हणे, आणि त्याचं कारण त्यातल्या कुणालाही ठाऊक नाही.

त्याच्या पहिल्या सामन्याची बातमी सांगायला मी भिलवडीला फोन केला होता, पण आबा तोवर गेले होते. सकाळी मैदानावर रेषा आखता आखता बसले ते बसलेच. मागची रेषा अर्धीच राहिली होती. मी पोचले तेव्हा गावच्या पोरांनी ती तशीच ठेवली होती, माझ्यासाठी. मी खाली बसले, फक्की घेतली आणि उरलेली रेषा पुरी केली. वाकडी आली. आबांनी ती पुसायला लावली असती.

आता मी निवृत्त आहे. अर्लही गेला. रविवारी मी त्याची निळी टोपी घालून त्याच्या खुर्चीवर बसते, शेजारची रिकामी ठेवते, आणि कुणी विचारलंच तर सांगता येत नाही म्हणते. माझाही नंबर आता फार लांब नसावा. पुढं काही असतं का, ते पिंगळ्यालाही माहीत नाही, आणि मला त्याची फारशी भीती वाटत नाही. तिथं जर एखादी रेषा असलीच, तर आबा माझ्या पुढं बसलेले असणार. कुणी विचारो, न विचारो, मी बोट दाखवीन. आधी त्यांचा नंबर.